लाइटवर काय आणि बॅटरीवर काय

पोरा, साउंडचं दुकान आता तू बघणार म्हणतोस, तर माझ्याकडून एवढं ऐकून ठेव. मिक्सर कुठला घ्यावा, स्पीकर कुठले चांगले, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी सांगतोय ते त्याच्या अलीकडचं आहे: या सगळ्या डब्यांना वीज कुठून द्यायची. भजन असो, गावचा सप्ता असो, गाण्याची बैठक असो की वारीतला मुक्काम, साउंडवाल्यानं आधी हे ठरवायचं आणि मग माइक काढायचे. आवाज बिघडला की लोक माइककडे बघतात. तू मागच्या बोर्डाकडे बघ.

बॅटरीची वीज शुद्ध आणि लाइटची घाण, असं सांगणारे तुला भेटतील. त्या बोलण्यावर महागडे डबेही विकले जातात. त्यात अर्धंच खरं आहे. बोर्डातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. ॲम्प्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मर तिला उतरवतो, डायोड तिला एका दिशेची करतात आणि मोठे कपॅसिटर तिच्यातले चढउतार गिळतात. हे काम नीट केलेलं असेल तर तिथून निघणारी वीज बॅटरीइतकीच शांत असू शकते. उलट उतरत आलेली बॅटरी काही शांत राहत नाही. तिचा आतला अडथळा वाढतो आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला तिचे व्होल्ट खाली बसतात.

बॅटरीचा खरा गुण वेगळा आहे. ती घरातल्या कुठल्याच वायरिंगला चिकटलेली नसते. अर्थिंग नाही, न्यूट्रल नाही, मागच्या खोलीतली पाण्याची मोटर नाही, रंगमंचावरचे डिमर नाहीत. आवाजात शिरणारी बरीचशी घरघर या चिकटण्यातूनच येते. म्हणून मी आयुष्यभर एवढंच धरून चाललो: बारीक आवाज जिथे उचलायचा, म्हणजे माइक, पिकअप, रेकॉर्डर, तिथे बॅटरीचा विचार आधी. ताकद जिथे लागते तिथे लाइट, आणि तीही आपण मोजून घेतलेली. बॅटरीवरचं एक यंत्र लाइटवरच्या यंत्राला साध्या वायरनं जोडलंस की बॅटरीचा बराचसा फायदा त्या वायरीतून निघून गेला, हेही त्यातच आलं.

आता घरघर ओळखायला शीक, कारण तिच्यातच रोगाचं नाव असतं. जाड, खोल ‘हूं’ येत असेल तर ती बहुधा ५० ची. ती बाहेरून आलेली: अर्थिंगचं दोन ठिकाणांहून जुळलेलं कडं, शील्ड तुटलेली केबल, ट्रान्सफॉर्मरशेजारी पडलेली माइकची वायर. तिच्याहून एक सप्तक वर, थोडी खरखरीत, ती १०० ची. दोन्ही अर्ध्या लाटा सरळ केल्यामुळे सप्लायमधला चढउतार सेकंदाला १०० वेळा होतो, म्हणून ती १०० ची. जुन्या मशीनमध्ये ती वाढत गेली तर समज की आतले मोठे कपॅसिटर सुकत आलेत. तिसरी असते ती ‘भर्र’, माशी डब्यात अडकल्यासारखी. ती डिमरची, नाहीतर हलक्या ॲडॉप्टरची.

ओळखायची रीत सोपी आहे. ॲम्प्लिफायर चालू ठेव आणि व्हॉल्यूम हळूहळू शून्यावर आण. घरघर तेवढीच राहिली तर दोष मशीनच्या पोटात, सप्लायमध्ये. ती व्हॉल्यूमबरोबर खाली गेली तर दोष पुढून, इनपुटमधून येतोय. मग एकेक जॅक काढत जा. ज्या जॅकला आवाज गप्प होईल तो तुझा चोर. मशीन पोटातून घुमत असेल तर ते माहीतगार मेकॅनिककडे दे, स्वतः उघडू नकोस. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरांत जोरदार झटका देण्याइतकी वीज बराच वेळ राहते.

गाण्याच्या बैठकीत ही घरघर का सोसता येत नाही, ते तुला आकड्यांत सांगतो. गायकाचा षड्ज काळी एक असेल तर त्याचा सा साधारण १३८.६ चा. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात लावतात, तिची कंपनं होतात जवळपास १०४. आणि आपली घरघर १०० ची! म्हणजे गायकाच्या पंचमाला खेटून, पण अर्ध्या सुराच्या जवळपास उतरलेला दुसरा एक सूर स्पीकरमधून अखंड चालू राहतो. दोन्ही मिळाले की सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो आणि बसतो. श्रोत्यांना काय होतंय ते सांगता येत नाही, पण गायक तानपुरा पुन्हा पुन्हा लावत बसतो. तानपुरा सुरातच असतो. अशा वेळी तंबोऱ्याकडे बोट दाखवू नकोस. मागे जा आणि वायर शोध.

बैठकीत हल्ली मोबाइल नाहीतर लॅपटॉप असतोच, कुणी त्यावर तानपुरा लावतं, कुणी रेकॉर्डिंग करतं. लॅपटॉप चार्जरला आणि त्याचाच हेडफोन जॅक मिक्सरला, असं झालं की किरकिर सुरू होते. माउस हलवला तरी ती बदलते. पहिला उपाय फुकटचा आहे, चार्जरचा प्लग काढ. किरकिर तिथल्या तिथे थांबली तर कारण सापडलं. कार्यक्रम दोन तासांचा असेल तर लॅपटॉप भरून आणायला सांग आणि बॅटरीवरच चालू दे. चार्जर लागणारच असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स टाक. आवाज ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जातो, तांब्याचा थेट संबंध राहत नाही. बॅटरीनं जे साधतं तेच इथे ट्रान्सफॉर्मर करतो. पेटीत असा एक डबा कायम ठेव.

दोन पिनांच्या चार्जरवरच्या यंत्राच्या धातूला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या बारीक कपॅसिटरांतून थोडी वीज बाहेरच्या बाजूला झिरपते, त्या ह्या. एरवी त्या धोक्याच्या नसतात, पण माइकच्या इनपुटला मात्र त्या भर्र म्हणून ऐकू येतात.

आता एक गोष्ट, आणि ही माझी आज्ञा समज. घरघर घालवायला तीन पिनांच्या प्लगातली जाड पिन कधी काढायची नाही, तिच्यावर टेप गुंडाळायची नाही, अर्थिंगची वायर कापायची नाही. पिन काढली की घरघर जाते, हे खरं आहे, म्हणूनच लोक काढतात. पण मग मशीनमधली फेजची वायर कधी बॉडीला टेकली तर ती वीज जायला वाट फक्त गायकाचं अंग. एका हातात माइक, दुसऱ्या हातात गिटारची तार किंवा स्टँड, की सर्किट पुरं झालं. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी गावी ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. पन्नास वर्षं उलटली, आणि आपल्या मांडवांतून अजून कापलेल्या पिना दिसतात. ओल्या गवतावर अनवाणी बसलेली भजनी मंडळी डोळ्यांसमोर आण आणि मग पक्कड हातात घे.

मांडवात पोचलास की पहिलं काम मीटर काढणं. डेकोरेटरच्या माणसानं ‘लाइन ओके आहे’ म्हटलं तरी आपला मीटर लावायचा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थमध्ये काहीच दिसत नसेल, किंवा काहीतरी मधलाच आकडा हलत असेल, तर त्या बोर्डात अर्थिंग नाही. तिथे प्लग घालायचा नाही. थ्री-फेज जोडणी असेल तर आपलं सगळं साउंड एकाच फेजवर घे आणि लाइटवाल्याला दुसरा फेज दे. मांडवातल्या काही माळा अचानक उजळल्या आणि काही मंदावल्या तर न्यूट्रल सुटत चालली आहे असं समज. दुसऱ्या क्षणी मेन पाड, विचारायला जाऊ नकोस. सुटलेल्या न्यूट्रलवर २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात, आणि मग कुणाचंच यंत्र वाचत नाही. आपल्या स्वतःच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. त्याची किंमत एका बऱ्या माइकपेक्षा जास्त नाही.

आता बॅटरीकडे येऊ. वारीत, डोंगरावरच्या देवळात, शेतातल्या सप्त्यात तिच्यावाचून चालत नाही. आळंदीहून निघालेल्या दिंडीचा मुक्काम कधी माळावर पडतो, आणि रात्रीच्या कीर्तनाला शेकडो माणसं बसतात. तिथे टँकरशेजारी जनरेटर धडधडत असतो, आणि त्याची वायर आपल्यापर्यंत येईलच असं नाही.

१२ व्होल्टवर किती आवाज निघतो याचा हिशोब तुला यायला हवा, म्हणजे कुणी डब्यावर छापलेल्या आकड्यानं तुला फसवणार नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साध्या सर्किटमधून चार ओहमच्या स्पीकरला जेमतेम साडेचार वॉट मिळतात. ब्रिज सर्किट केलं तर १८. त्यापुढे जायचं तर मशीनच्या आत व्होल्ट वाढवणारी सोय हवी, नाहीतर आउटपुटला ट्रान्सफॉर्मर हवा. अहुजासारख्या कंपन्यांच्या पी.ए. ॲम्प्लिफायरला मागे २३० व्होल्टच्या वायरीबरोबर १२ व्होल्टची टर्मिनलं असतात, आणि भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाइनही असते. त्यांच्यात ही सोय केलेली असते. बाजारात मिळणाऱ्या ट्रॉली स्पीकरवर मात्र हजार वॉट लिहिलेलं असतं आणि आत असते १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी. बारा साते चौऱ्याऐंशी. तिच्यात सगळी मिळून ८४ वॉट-तास वीज. खरोखर हजार वॉट ओढले तर ती पाच मिनिटांत संपेल. ती चार तास चालते याचा अर्थ सरासरी वीसच वॉट ओढले जातायत. गिऱ्हाइकाला हे शांतपणे समजावून सांग, त्याला राग येत नाही.

म्हणून बॅटरीवर काम असेल तेव्हा वॉट वाढवत बसू नकोस, स्पीकर बदल. घरगुती डब्याचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ ते ९० डेसिबल देतो. भोंगा तेवढ्याच वॉटला १०५ किंवा जास्तही देतो. १७ डेसिबलचा फरक म्हणजे पन्नासपट वीज वाचली. भोंग्याचा आवाज कोरडा असतो, मान्य आहे. अभंगाचा गोडवा त्यात पुरता उतरत नाही. पण कीर्तनकाराचा शब्द मागच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत स्पष्ट पोचतो, आणि कीर्तनात शब्द आधी. मृदंगाची धुमी हवी असेल तर पुढे एक चांगला स्पीकर ठेव, लांबच्यांसाठी भोंगे. रात्री दहाचा नियम बॅटरीवरच्या भोंग्यालाही तसाच लागू आहे, आयोजकांना तो आधीच सांगून ठेव.

किती वेळ चालेल याचा अंदाज असा काढ. ४० वॉटचं मशीन बोलण्या-गाण्यात सरासरी तीनेक अँपिअर ओढतं, कारण माणूस अखंड ओरडत नसतो. अडीच तासांच्या कीर्तनाला सात-आठ अँपिअर-अवर. बॅटरी ४० ची असेल तर त्यातली अर्धीच आपली समज, म्हणजे २०. दोन कीर्तनं आरामात होतात, तिसऱ्याला चार्जिंग हवं. मोठ्या आकड्यांना भुलू नकोस. १०० अँपिअर-अवरचा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशोबानं असतो, म्हणजे पाच अँपिअर वीस तास. एका तासात शंभर अँपिअर ओढायला गेलास तर ती तेवढं देणार नाही, आधीच बसेल. आणि गाडीची बॅटरी या कामाला आणू नकोस. तिच्या प्लेटा पातळ असतात, स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी केलेल्या. ती पाच-सात वेळा खोल उतरवलीस की कायमची गळते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी जड असते, उचलायला दोन माणसं लागतात, पण ती उतरणं सोसते.

मीटरवरचे आकडे तोंडपाठ असू देत. पूर्ण भरलेली आणि तासभर विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली म्हणजे जवळपास रिकामी. मशीन चालू असताना १०.५ दिसले की थांबव, अभंग चालू असला तरी थांबव आणि दुसरी जोड. व्होल्ट खाली गेले की आवाजाची टोकं कापली जातात, मोठा आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज भोंग्याचं युनिट जाळतो.

बॅटरी मशीनच्या शेजारी ठेव. लांब ठेवून वायर ओढायची नाही. याचाही हिशोब बघ: दीड स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरी दहा मीटर लांब, जाऊन-येऊन वीस मीटर. दहा अँपिअर वाहिले तर वाटेतच जवळजवळ अडीच व्होल्ट खर्च. २३० मधले अडीच गेले तर कुणाला कळत नाही, १२ मधले गेले तर मशीन गुदमरतं. मीटरभर जाड वायर, लाल आणि काळी. लाल वायरीत बॅटरीच्या अगदी टोकाशी फ्यूज. मशीनशी नाही, बॅटरीशी. मधली वायर कुठे सोलली गेली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होते आणि सतरंजी पेटते.

जोडण्याआधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात ठेव. पान्याचं एक टोक टर्मिनलवर आणि दुसरं कड्याला लागलं तर कातडी जळते. मशीनचं बटण बंद आहे ना ते बघ. लाल टर्मिनल आधी, काळं नंतर. काढताना उलट, काळं आधी. उलटसुलट जोडलंस तर मशीन गेलं, म्हणून दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापाच्या कड्या लावून घे, अंधारातही चुकता कामा नये. बॅटरी लाकडी खोक्यात ठेव. तिच्याजवळ समई, उदबत्ती, धूप काही नको. देवळात हे सांभाळावं लागतं, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. ॲसिडचा थेंब गालिच्यावर पडला तर दुसऱ्या दिवशी तिथे भोक दिसतं आणि बिल आपल्याकडे येतं.

कार्यक्रम चालू असताना त्याच बॅटरीला चार्जर लावू नकोस. बऱ्याच साध्या चार्जरात वीज सपाट करणारा कपॅसिटर नसतो, १०० ची घरघर सरळ मशीनमध्ये येते. ज्या घरघरीपासून पळून आपण बॅटरीवर आलो, तीच परत बोलावल्यासारखं होतं. चार्जिंग घरी, मोकळ्या हवेत, क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं: ४० च्या बॅटरीला ४ अँपिअर. १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन सोड. पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नको आणि ॲसिड तर नकोच. टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धू, कोरडं कर, वर व्हॅसलिनचा हात फिरव.

इन्व्हर्टर लावून काम भागेल असं पुष्कळांना वाटतं. घरचा स्वस्तातला इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो. बोर्डातल्या २३० व्होल्टचं शिखर खरं तर ३२५ पर्यंत जातं, आणि मशीनचे कपॅसिटर त्या शिखरावर भरतात. चौकोनी लाटेला शिखरच नाही, ती २३० वरच सपाट. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला मग आतले व्होल्ट सुमारे ३० टक्के कमी मिळतात आणि ताकद निम्मी होते. शिवाय ट्रान्सफॉर्मर तापतो आणि भर्र येते ती वेगळी. इन्व्हर्टर घ्यायचाच तर साइन वेव्हचा घे. मशीनला १२ व्होल्टची टर्मिनलं असतील तर मात्र बॅटरी थेट जोड. १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा १२-२४ कशाला करायचे? प्रत्येक पायरीला वीज वाया जाते.

छोट्या सेलांचं थोडक्यात सांगतो. कॉर्डलेस माइकला प्रत्येक कार्यक्रमाला नवे पेन्सिल सेल. कालचे ‘अजून चालतील’ असं कुणी म्हटलं तर ते सेल त्याच्या टीव्हीच्या रिमोटला दे. असे माइक हळूहळू मंद होत नाहीत, शेवटपर्यंत ठणठणीत चालतात आणि वक्त्याच्या वाक्यामध्येच गप्प होतात. चार्ज होणारे सेल वापरायला हरकत नाही, पण त्यांचे व्होल्ट १.५ नाहीत, १.२ आहेत. ते सपाट राहून एकदम घसरतात, म्हणून माइकवरच्या काड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, घड्याळ बघायचं. चौकोनी नऊ व्होल्टच्या चार्जेबल सेलमध्ये पुष्कळदा सातच खण असतात, म्हणजे ८.४ व्होल्ट, आणि काही पिकअपना ते कमी पडतात. गिटारच्या किंवा पिकअपच्या प्रीॲम्पला बहुधा वेगळं बटण नसतं, जॅक घातला की सेल चालू होतो. मध्यंतरात जॅक काढून ठेवायला वादकाला सांग, मिक्सरचा तो चॅनल बंद करूनच.

कंडेन्सर माइकला मिक्सरमधून ४८ व्होल्टचं फँटम मिळतं. बॅटरीवरच्या छोट्या मिक्सरमध्ये ते व्होल्ट आत वाढवून बनवलेले असतात आणि सेल भराभर खातात. लाइट नसलेल्या जागी साधा डायनॅमिक माइक वापर, त्याला वीज लागतच नाही. पॉवर बँकवर रेकॉर्डर चालवणार असशील तर आधी घरी तासभर चालवून बघ. पुष्कळ पॉवर बँका कमी वीज ओढली गेली की ‘कुणी नाही’ समजून आपोआप बंद होतात. रेकॉर्डरमध्ये सेल घातलेले ठेव आणि वर ॲडॉप्टर लाव, म्हणजे लाइट गेली तरी फाइल तुटत नाही. आवाज फार बारीक असेल, एकटी सतार किंवा म्हाताऱ्या बाईची ओवी, तर ॲडॉप्टरही काढ.

ॲडॉप्टरवरून आठवलं. आमच्या वेळी त्याला बॅटरी एलिमिनेटर म्हणायचे. गोल पिनेत आत प्लस की मायनस हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. गिटारच्या बहुतेक पेडलांना आत मायनस लागतो, इतर पुष्कळ यंत्रांना आत प्लस. व्होल्ट जुळले म्हणून घालू नकोस, डब्यावरचं गोलाचं चित्र बघ. प्रत्येक ॲडॉप्टरला त्याच्या यंत्राचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटव.

कॅसेट घेऊन येणारी माणसं अजून येतात, वडिलांचं भजन, गुरुजींची शिकवणी. टेपरेकॉर्डर सेलवर चालवून त्यावरून उतरवून घेऊ नकोस. सेल उतरले की मोटर हळू फिरते, सूर खाली येतो आणि काळी दोनचं गाणं काळी एकला ऐकू येतं. ऐकणारा म्हणतो बुवांचा आवाज बसला होता. स्टेफान कुडेल्स्कीच्या १९५८ च्या नाग्रा ३ मध्ये मोटरचा वेग धरून ठेवणारं सर्किट होतं, बारा मोठ्या सेलांवर तो चालायचा आणि सेल उतरले तरी सूर हलायचा नाही. म्हणून सिनेमावाले तो रानावनात घेऊन फिरायचे. घरगुती टेपमध्ये असं पक्कं सर्किट सहसा नसतं. तिथे लाइटच बरी, आणि पेटीच्या सुराशी ताडून बघणं त्याहून बरं.

राहिलं पावसाळ्याचं. आषाढीनंतर गणपतीपर्यंत बॅटऱ्या बसून असतात, त्यातच त्यांचा जीव जातो. शिशाची बॅटरी अर्धी ठेवलीस तर प्लेटांवर सल्फेट बसतं आणि पुन्हा ती भरत नाही. पूर्ण भरून ठेव आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज कर. लिथियमचं उलटं आहे, ती निम्मी भरून सावलीत ठेवायची. कॉर्डलेस माइकमधले, रेकॉर्डरमधले, मेगाफोनमधले सेल काढून वेगळे ठेव, नाहीतर ते गळून स्प्रिंगा खातात. जनरेटरवर काम असेल त्या दिवशी आधी जनरेटर चालू, मीटरवर व्होल्ट स्थिर, मग आपली मशीनं. कार्यक्रम संपला की आधी ॲम्प्लिफायर बंद, मग मिक्सर, आणि डेकोरेटरच्या पोराला जनरेटर बंद करायची खूण तूच द्यायचीस, ती त्याच्यावर सोडायची नाहीस.